टार्टन नंतर, आधी गाव: स्कॉटिश क्लॅनमध्ये नव्याने शिरणाऱ्यांसाठी

स्कॉटलंडमधल्या डनूनला पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या गळ्यात मॅकग्रेगर क्लॅनचा, म्हणजे त्या स्कॉटिश घराण्याचा, लाल-हिरवा स्कार्फ होता. ऑगस्टचा शेवटचा आठवडा, काउल हायलँड गॅदरिंग हा इथला खेळ-नाचाचा मेळा, पाऊस आडवातिडवा, आणि क्लॅनच्या तंबूंच्या रांगेत एका ठिकाणी चहा दिसला म्हणून आत शिरले. सत्तरीच्या एक बाई होत्या, त्यांनी विचारलं आडनाव काय, म्हटलं ब्लॅक, नवऱ्याचं. कुठले ब्लॅक? झालं, मी सुरूच झाले, तो जुना नामी बंडखोर रॉब रॉय मॅकग्रेगर काय, नावावरची बंदी काय, जंगलात लपणं काय, सगळं सासऱ्यांकडून ऐकलेलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, बिस्किटांचा डबा पुढे केला आणि परत विचारलं, ते झालं हो, पण गाव कुठलं?

गाव माहीत नव्हतं. आणि तंबू लॅमंटांचा, म्हणजे भलत्याच क्लॅनचा होता, ते बाहेर आल्यावर बोर्ड वाचून कळलं.

तर ही फजिती तुमची होऊ नये म्हणून हे सगळं लिहितेय. इकडे लग्नाने आलेले आपले बरेच लोक आहेत, घरात एखादं मॅक किंवा कॅम्पबेल आहे, मुलं शाळेतून येतात आणि विचारतात आई आपलं टार्टन, म्हणजे क्लॅनचं चौकड्यांचं कापड, कुठलं. मग आपण उठतो आणि थेट एडिंबराच्या रॉयल माइलवरच्या दुकानात जातो, तिथे भिंतीवर आडनावांचा तक्ता असतो, त्यात बोट ठेवायचं, मफलर घ्यायचा, फोटो काढायचा. आधी कळस मग पाया. मीही तेच केलं होतं, म्हणून हक्काने सांगते.

आधी थोडं डोक्यातलं साफ करून घ्या

क्लॅन हा शब्द गेलिक या इथल्या जुन्या भाषेतल्या 'क्लान' वरून आला, अर्थ लेकरं. मॅक म्हणजे मुलगा. त्यामुळे वाटतं की एकाच मूळ पुरुषाची सगळी पोरं, आपल्या कुलवृत्तांतात असतात तशी. प्रत्यक्षात तसं नाही. क्लॅनच्या जमिनीवर राहणारे, प्रमुखाच्या आसऱ्याला आलेले, त्याच्यासाठी तलवार उचलणारे असे कितीतरी लोक त्याचंच नाव लावायचे, रक्ताचं नातं असो नसो. उलटंही व्हायचं. मॅकग्रेगर हे नाव लावायलाच १६०३ साली बंदी आली, ती कायमची उठली १७७४ ला, मधल्या काळात या लोकांनी ड्रमंड, मरे, ग्रॅहम, कॅम्पबेल अशी मिळेल ती नावं घेतली. म्हणजे एखादा कॅम्पबेल मुळात मॅकग्रेगर असू शकतो, ज्यांच्याशी त्यांचं हाडवैर त्यांचंच नाव!

आणि सगळ्या स्कॉटिश माणसांना क्लॅन असतोच असंही नाही. ही मुख्यतः उत्तरेकडच्या हायलँड्सची गोष्ट, दक्षिणेकडच्या सीमाभागातही घराणी होती, पण मधल्या सखल भागात कित्येक कुटुंबांना असलं काही नव्हतंच. तुमच्या सासरी नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, त्यावरही उपाय आहे, पुढे सांगते.

पायरी १: घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस गाठा

वेबसाइट नंतर. आधी माणसं, कारण कागद कुठे पळत नाहीत.

पण तारखा विचारू नका. 'तुमच्या आजोबांचा जन्म कधीचा' म्हटलं की म्हातारं माणूस घाबरतं, परीक्षा घेतल्यासारखं वाटतं. वस्तू विचारा. ही बशी कुणाची, हे बटण कसलं, फोटोतली ही बाई का हसत नाहीये. बेटांवर अजूनही जुनी माणसं अनोळखी पोराला गेलिकमध्ये विचारतात, 'को लेश ऊ?', म्हणजे तू कुणाचा. आपल्याकडे पारावर बसलेले आजोबा विचारतात ना, कुणाचं पोर रं तू, अगदी तेच. या एका प्रश्नावर तासभर गप्पा होतात. इकडे ज्याला केली म्हणतात, आणि आता ज्यात फक्त नाच उरलाय, त्याचा मूळ अर्थ भेटायला जाणं हा आहे, कुणाच्या तरी चुलीपाशी बसून गाणी-गोष्टी.

आमच्या घरात एक शाल आहे. सासऱ्यांच्या मोठ्या बहिणीकडे, म्हणजे आमच्या आत्यांकडे, ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली. चौकड्यांची, जाड लोकर, लाल-हिरव्यात मधूनच एक भडक जांभळी रेघ. घरातली मान्यता अशी की ही १७४६ च्या कलोडनच्या लढाईच्या आधीची मॅकग्रेगर शाल. मी दोन वर्षं मान डोलावली. मग एकदा ती हातात घेऊन खिडकीपाशी नेली. एका कोपऱ्यात बारीक बारीक गंजाचे ठिपके, टाचणी टोचून टोचून पडतात तसे, आणि त्याच कोपऱ्यात रफू केलेलं, पण वेगळ्याच लोकरीने. आत्यांना विचारलं हे कसले डाग. त्या गप्प. म्हटलं चहा करू? चहा झाला, दुसरा चहा झाला, मग हळूच म्हणाल्या, ते तिकिटाचे.

सोमवारी सकाळी शाल गहाण टाकायची, आठवडा ढकलायचा, शनिवारी पगार हातात आला की सोडवून आणायची, रविवारी चर्चला पांघरायची, सोमवारी परत. वर्षानुवर्षं. दुकानदार दर वेळी कोपऱ्यात तिकीट टोचायचा. शाल सासऱ्यांच्या आजीच्या सासूबाईंची, ग्रीनकच्या गोदीत नवरा काम करायचा, आणि याच शालीत मूल छातीशी गुंडाळून ती बाई कामाला जायची. हे घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही, लाज वाटायची. कलोडन बोलायला सोपं.

मला विचाराल तर ही गोष्ट रॉब रॉयच्या शंभरपट भारी आहे. पण ती मिळायला दोन वर्षं आणि दोन चहा लागले, हे लक्षात ठेवा. लाजेच्या गोष्टी पहिल्या भेटीत येत नाहीत.

फोनवर रेकॉर्ड करा, परवानगी घेऊन, आणि प्रत्येक गोष्टीखाली तीन ओळी लिहा: कुणी सांगितली, त्यांना कुणी सांगितली होती, आणि आज तारीख काय. बास. बाकी सगळं नंतर शोधता येतं, हे तीन येत नाहीत. जुनी माणसं गोष्ट सांगतात कशी हे कानाने ऐकायचं असेल तर 'टोबर अन डुअलखिश' नावाची वेबसाइट आहे, त्यात गेलिक आणि स्कॉट्स या इथल्या दोन भाषांतली हजारो जुनी रेकॉर्डिंग्ज फुकट आहेत, बरीचशी एडिंबरा युनिव्हर्सिटीच्या स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजने १९५१ पासून खेडोपाडी फिरून जमवलेली. भाषा नाही कळली तरी लय कळते.

पायरी २: कागद

स्कॉटलंड याबाबतीत लाडकं आहे, खरंच. सरकारची 'स्कॉटलंड्स पीपल' वेबसाइट आहे, शोधणं फुकट, मूळ नोंदीचं चित्र बघायचं तर क्रेडिट विकत घ्यावे लागतात, एका चित्राला दीडेक पौंड धरा. नेहमी आजपासून मागे जायचं, वरून खाली नाही. कुणीतरी सांगितलेल्या सरदारापासून सुरू करून आपल्यापर्यंत ओढत आणायचं काम अजिबात करू नका, वाटेत कुठेतरी तुम्ही गाठ मारताच.

सरकारी जन्म-मृत्यू-लग्न नोंदणी सुरू झाली १ जानेवारी १८५५ ला. त्याआधीचं सगळं चर्चच्या वह्यांत, त्यातल्या सगळ्यात जुन्या १५५३ पर्यंत जातात पण तुमच्या गावच्या तशा असतील ही आशा सोडा, कुठे पानं गेलेली, कुठे पाद्रीबुवांनी दहा वर्षं काही लिहिलेलंच नाही. जनगणना १८४१ पासून दर दहा वर्षांनी. अलीकडचं खाजगी म्हणून ऑनलाइन दाखवत नाहीत, जन्म शंभर वर्षं, लग्न पंच्याहत्तर, मृत्यू पन्नास, त्यासाठी रजिस्ट्रारकडे जावं लागतं. ग्लासगोत असाल तर मिचेल लायब्ररीत एक शनिवार काढा, तिथले लोक फार चिकाटीचे आहेत.

आता यातली खरी मजा. इथल्या मृत्यूच्या दाखल्यावर मेलेल्या माणसाच्या आईवडिलांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनाव धरून. लग्नाच्या दाखल्यावर दोन्हीकडच्या आयांची माहेरची नावं. म्हणजे एका कागदात एक पिढी वर. थडग्यांवरही बाईचं माहेरचं नाव कोरलेलं सापडतं, कारण इथे जुन्या काळी बाई कागदोपत्री तेच नाव ठेवायची. आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात नाव बदलून टाकायचे, आणि मग पणजीचं माहेरचं नाव विचारलं तर घरात एकालाही सांगता येत नाही. माझ्या स्वतःच्या पणजीचं मला माहीत नाही, नवऱ्याच्या पाच पिढ्यांच्या बायकांचं पाठ आहे, काय म्हणायचं याला.

आईकडच्या बाजूला त्यामुळे कमी लेखू नका. मी सातारची, म्हणून हे उदाहरण: साताऱ्याला रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा प्रतिनिधी, होता तो ग्रँट डफ, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा, बान्फचा माणूस. ग्रँट हे वडिलांकडून, डफ नंतर जोडलं ते आईकडची इस्टेट मिळाल्यावर. शाळेत आपण ते एकच आडनाव समजून घोकलं.

१८५५ हे एक वर्ष तर सोन्याची खाण आहे. पहिल्याच वर्षी सरकारने उत्साहाच्या भरात जन्माच्या नोंदीत इतकं विचारलं, आईवडिलांचं वय, जन्मगाव, लग्न कधी कुठे, आधीची मुलं किती, की कारकून वैतागले आणि पुढच्या वर्षी बरंचसं काढून टाकलं. आमचं नशीब असं की नवऱ्याचे खापरपणजोबा नेमके १८५५ चे. रात्री साडेअकराला ते पान उघडलं. बाळ ग्रीनकला जन्मलेलं, आणि वडिलांच्या नावापुढे, तिरक्या बारीक अक्षरात, जन्मगाव किलफिनन, अर्गाइल. मी नवऱ्याला झोपेतून उठवलं. तो म्हणाला उद्या बघू.

किलफिनन म्हणजे काउलच्या द्वीपकल्पाच्या पश्चिमेला. लॅमंटांचा मुलूख.

मग १८९१ ची जनगणना काढली, त्यात त्याच घरात, बायकोच्या नावापुढे भाषेच्या रकान्यात 'जी अँड ई', गेलिक आणि इंग्लिश. त्या रकान्याकडे जरूर बघा. आमच्या घरात आज एकालाही गेलिक येत नाही, आणि शालवाल्या बाईंना येत होती, हे कुणाला माहीतच नव्हतं.

एक क्लू म्हणून नावांची पद्धत लक्षात ठेवा: पहिला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या, पहिली मुलगी आईच्या आईच्या, दुसरी वडिलांच्या आईच्या. नियम नाही, सवय. याने मदत होते तसा घोळही होतो, कारण चार भावांनी आपापल्या पहिल्या मुलाला एकच नाव दिलं की गावात एका वयाचे चार जॉन ब्लॅक. दोन वेगळ्या कागदांनी जुळलं तरच आपला म्हणायचं.

पायरी ३: आता क्लॅन

दुकानातल्या तक्त्यावर मोठ्या क्लॅनखाली छोट्या आडनावांची यादी असते, त्यांना सेप्ट म्हणतात. या याद्या बऱ्याचशा एकोणिसाव्या शतकातल्या, आणि त्यात दुकानदारीचा हात सढळ आहे, कारण ज्याचं आडनाव यादीत नाही त्याला मफलर कसा विकणार. ब्लॅक हे आडनाव लॅमंटांत आहे, मॅकग्रेगरांत आहे, आणि मॅकलेनांतही आहे. तिन्ही बरोबर असू शकतात. मुळात गेलिकमधलं काळ्या रंगावरून पडलेलं नाव, इंग्रजीत ब्लॅक झालं. म्हणजे आपले काळे. आपल्याकडचे सगळे काळे एकमेकांचे भाऊबंद असतात का? तसंच हे.

म्हणून आडनाव नाही, गाव ठरवतं. आडनाव अधिक गाव अधिक काळ, तिन्ही एका जागी आले तर बोलायचं, तेही 'बहुतेक' लावून.

लॅमंटांचं सांगायचं तर १६४६ च्या जूनमध्ये कॅम्पबेलांनी त्यांचे किल्ले घेतले, अभय देतो म्हणून बाहेर काढलं आणि डनूनला नेऊन दोनशेच्या वर माणसं मारली. वाचले ते पांगले, आणि परंपरा अशी सांगते की त्यांच्यातल्या काहींनी जीव वाचवायला ब्लॅक, व्हाइट, ब्राउन अशी साधी नावं घेतली. डनूनमध्ये त्यांचं स्मारक आहे, १९०६ चं, बंदरापासून चालत जाता येतं. मी तिथे उभी होते तेव्हा दोन मुलं खाली बसून चिप्स खात होती.

आमचे ब्लॅक हे त्यातलेच का? १६४६ आणि आमचा पहिला कागद यात दोनशे वर्षांची दरी आहे. त्यात पूल नाही. सासऱ्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते थोडे खट्टू झाले, मॅकग्रेगर सोडवत नव्हतं त्यांना. 'माझं कूळ राजवंशाचं' असं त्या क्लॅनचं ब्रीद आहे, सोडायला कुणाला आवडेल.

डीएनए टेस्टबद्दल विचारतात लोक. करा हवी तर, पण आडनावासाठी जी वापरतात ती फक्त बापाकडून बापाकडे जाणारी सरळ रेघ बघते, घरातल्या पुरुषालाच करावी लागते, आणि जुळायला समोर आधी कुणीतरी केलेली असावी लागते.

पायरी ४: टार्टन, एकदाचं

इथे जरा थांबते कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत.

चौकड्यांचं कापड स्कॉटलंडमध्ये जुनंच आहे. पण अमुक क्लॅनचं अमुक डिझाइन हे ठरीव प्रकरण जेमतेम दोनशे वर्षांचं. पूर्वी जो विणकर गावात असेल, जे रंग मिळतील, त्यावर कापड ठरायचं. १७४६ ला कलोडनला जॅकोबाइट, म्हणजे गादी गेलेल्या स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूचे बंडखोर, हरले, लगेच कायदा आला आणि १ ऑगस्ट १७४७ पासून हायलँडच्या पुरुषांना किल्ट (त्यांचा चुण्यांचा घागरा), टार्टन घालायला बंदी, पहिल्या वेळी सहा महिने कैद, दुसऱ्यांदा सापडला तर सात वर्षं काळं पाणी. फौजेतल्यांना मात्र सूट! बंदी उठली १७८२ ला. या पस्तीस वर्षांत एक आख्खी पिढी विसरली, आणि फौजेचं निळं-हिरवं-काळं टार्टन, ज्याला ब्लॅक वॉच म्हणतात, तेवढं चालू राहिलं. आजची बरीच क्लॅन टार्टन्स त्यातच एखादी पांढरी किंवा पिवळी रेघ घालून झालेली आहेत.

१८१५ ला लंडनच्या हायलँड सोसायटीने सगळ्या प्रमुखांना पत्रं धाडली की तुमच्या क्लॅनच्या टार्टनचा तुकडा पाठवा, तर काही प्रमुखांनाच माहीत नव्हतं आपलं कुठलं. बॅनकबर्नला विल्सन म्हणून मोठे विणकर होते, त्यांच्याकडे नमुन्यांना नंबर असायचे, हळूहळू नंबरांच्या जागी क्लॅनची नावं आली. आणि १८२२ ला चौथा जॉर्ज राजा एडिंबराला आला, कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉटने सगळा देखावा बसवला, या आपापलं टार्टन घालून म्हणून सांगितलं, मग काय, नुसती धावपळ. राजा स्वतः लालभडक किल्ट आणि खाली अंगाच्या रंगाचे तंग पायमोजे घालून मिरवला. पुढे १८४२ ला दोन भावांनी, आपण बॉनी प्रिन्स चार्लीचे, कलोडनला हरलेल्या त्या राजपुत्राचे, नातू आहोत असं सांगणारे ते, जुन्या हस्तलिखितातून काढलेली टार्टन्स म्हणून एक पुस्तक छापलं. ते हस्तलिखित असं कुणाला कधी धड दाखवलंच नाही. बनावट निघालं, पण त्यातली डिझाइनं लोकांनी तोवर अंगावर चढवली होती, ती आजही आहेत.

मग टार्टन खोटं का? अहो, दोनशे वर्षं लोक लग्नात घालतायत, शवपेटीवर टाकतायत, त्याला खोटं कसं म्हणणार. फक्त 'कलोडनच्या आधीपासूनचं आमचं' एवढं म्हणू नका.

आमच्या शालीचंही असंच उलगडलं. ती भडक जांभळी रेघ. तसला रासायनिक रंग पहिल्यांदा निघाला १८५६ साली. म्हणजे कलोडन गेलं शंभरएक वर्षं मागे. शिवाय डिझाइन कुठल्याही क्लॅनशी जुळत नाही. व्हिक्टोरिया राणी बाल्मोरलला यायला लागल्यावर टार्टनची जी फॅशन आली त्यातली बाजारातली शाल.

तुमच्या घरी जुनं कापड असेल तर असं बघा: दिवसाच्या उजेडात न्या, कडेपासून रेघा ओळीने लिहा, रंग आणि धाग्यांची संख्या, समजा लाल २४, काळा २४ (फक्त लाल-काळा समान चौकोन हे रॉब रॉयचं, सगळ्यात सोपं). जिथून क्रम उलटा फिरतो तिथे थांबा, तेवढा एक संच, त्याला सेट म्हणतात. उभे आणि आडवे धागे बहुतेक वेळा एकाच क्रमाने असतात म्हणून दोन रंग लावले तरी डोळ्याला तीन दिसतात, तीन लावले तर सहा, चार लावले तर दहा. धागे मोजताना भिंग आणि टाचणी घ्या, आणि नातवंडांना दूर ठेवा. मग स्कॉटिश रजिस्टर ऑफ टार्टन्समध्ये शोधा, सरकारी आहे, २००९ पासून, ऑनलाइन बघायला पैसे नाहीत.

दुकानात गेल्यावर 'एन्शंट' आणि 'मॉडर्न' या शब्दांना फसू नका. एन्शंट म्हणजे जुनं डिझाइन नाही, फिकट छटा, वनस्पतीच्या रंगांसारख्या. मॉडर्न म्हणजे गडद. वेदर्ड म्हणजे मातीत पडून विटल्यासारखं. डिझाइन तेच. 'ड्रेस' म्हणजे पांढरं जास्त, नाचणाऱ्या मुली घालतात ते. 'हंटिंग' म्हणजे हिरवं-तपकिरी.

आणि कुणी काय घालावं यावर कायदा नाही. क्लॅन नसेल तर ब्लॅक वॉच घ्या, नाहीतर शहराचं-जिल्ह्याचं घ्या, ग्लासगोचं आहे, एडिंबराचं आहे. शिखांसाठी सिंग टार्टनसुद्धा आहे. पोलीस येत नाहीत.

पायरी ५: चिन्ह, बिल्ला वगैरे

थोडक्यात. मगवर छापलेला 'तुमच्या घराण्याचा कोट ऑफ आर्म्स', म्हणजे ढालीवरचं मानचिन्ह, घेऊ नका. स्कॉटलंडमध्ये तो घराण्याचा नसतो, एका माणसाचा असतो, आणि एडिंबराचं लॉर्ड लायनचं कोर्ट, असल्या चिन्हांचंच सरकारी कोर्ट, त्यावर खरोखर लक्ष ठेवून असतं. आपण साध्या सदस्यांनी लावायचा तो गोल बिल्ला, ज्यात प्रमुखाचं चिन्ह असतं आणि भोवती पट्टा आणि बक्कल. त्यावर पिसं लावू नका, तीन पिसं प्रमुखाची. याशिवाय प्रत्येक क्लॅनची एक वनस्पती असते, लॅमंटांची रानटी सफरचंद, मॅकग्रेगरांचा पाइन. आपल्या देवकाची आठवण येते, आंबा, कळंब, पंचपल्लव. सासूबाईंना हे सांगितलं तर त्या एकदम खूश, म्हणाल्या मग तुमचं झाड कुठलं?

पायरी ६: कपडे

पुरुषांचा किल्ट आठ यार्ड लोकरीचा असला तर जड आणि महाग, पहिल्या वर्षी भाड्याने घ्या. गुडघ्याच्या मध्यावर यायला हवा, चुण्या मागे, पुढची सपाट बाजू. पिन फक्त वरच्या पदराला टोचायची, खालच्यासकट टोचली तर बसताना कापड फाटतं. नवऱ्याला दोनदा सांगितलं होतं.

बायकांना सॅश, म्हणजे खांद्यावरून घ्यायचा टार्टनचा पट्टा. साधी सदस्य असाल तर उजव्या खांद्यावर, प्रमुखाची बायको डाव्या. आता मी हौसेने पैठणी नेसले होते, पदर डाव्या खांद्यावर, सॅश उजव्या खांद्यावर, दोन्हीला पिना, आणि वरून रेनकोट. प्रेझेंट पॅक केल्यासारखी दिसत होते. दुसऱ्या वर्षी सॅश घडी करून हातावर घेतली. पैठणीचं खूप कौतुक झालं, काठ कसा विणतात हे तिघींना समजावलं, आणि तुमच्याकडे काठावरून गाव ओळखतात का असं एकीने विचारलं, तेव्हा मला इरकलची टोपपदरी आठवली आणि मग आमचं जे चालू झालं ते नवरा न्यायला येईपर्यंत.

पायरी ७: तंबूत बसून सांगायचं

डनूनला जायचं तर ग्लासगो सेंट्रलहून गूरकची ट्रेन, पुढे बोट. तिकडे उत्तरेला ब्रेमारचं गॅदरिंग सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी असतं, पण तिथे राजघराण्याला बघायचीच गर्दी जास्त. गोष्टी ऐकायच्या तर क्लॅनचे तंबू असतील तिथे जा. कुठलाही निरोप, ओळख लागत नाही. आत जायचं, वहीत नाव लिहायचं.

गावापासून सुरुवात करा. 'आम्ही अमुक गावचे, तमुक साली तिथून निघाले' एवढं सांगितलं की समोरचा पुढे सरकतो. क्लॅनच्या लढाया सांगू नका, त्या तिथे सगळ्यांना पाठ असतात, आणि चुकलात तर दुरुस्त करायला चार जण टपलेले. कागदाने सिद्ध झालेलं साधं सांगा, बाकीच्याला 'घरात असं सांगतात' लावा. हे लावल्याने गोष्ट कमी होत नाही, उलट लोक तुमच्यावर विश्वास टाकतात.

ऐकताना: कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलियाहून आलेल्यांच्या गोष्टी बहुतेक हुसकावल्याच्या असतात. मेंढ्यांसाठी जमीन मोकळी करायला कुळांना घराबाहेर काढलं, सदरलंडमध्ये स्ट्रथनेव्हरला १८१४ आणि १८१९ ला घरं पेटवली. पाच पिढ्या झाल्या तरी माणसं रडतात. तेव्हा तुलना करायला जाऊ नका, आमच्याकडे धरणात गावं गेली वगैरे, ते नंतर, चहावर. ग्लेनकोवर मात्र ते स्वतःच विनोद करतात, तिथल्या एका खानावळीच्या दारावर फेरीवाले आणि कॅम्पबेल यांना प्रवेश नाही अशी पाटी आहे. १६९२ ची कत्तल, मॅकडोनाल्डांना मारणाऱ्या फौजेचा कॅप्टन कॅम्पबेल होता, अजून पाटी आहे. तो विनोद त्यांनी करायचा, आपण नाही.

आणि कधीकधी गोष्ट तुमच्याच दारात निघते. मॅकेन्झींच्या तंबूत एक आजोबा सांगत होते, आमचा पूर्वज हिंदुस्थानात असायेला लढला, बिल्ल्यावर हत्ती मिळाला. असाये! म्हटलं आजोबा, असई ते, आमच्या जालना जिल्ह्यात. २३ सप्टेंबर १८०३, इंग्रजांचा सेनापती वेलस्ली याच्याविरुद्ध शिंदे आणि भोसले, आणि ७४ वी आणि ७८ वी या हायलँडर पलटणी, त्यातल्या ७८ व्या पलटणीचं टार्टन मॅकेन्झींचं. शिंद्यांच्या तोफांसमोर ७४ वी जवळजवळ कापली गेली. ते म्हणाले, तुमच्याकडे ही लढाई कशी सांगतात? मी म्हटलं, हरलो असंच सांगतात, पण तोफा आमच्या चांगल्या होत्या. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, होत्याच, आमच्या घरातही तसंच सांगतात.

पुढच्या वर्षी मी परत लॅमंटांच्या तंबूत गेले. स्कार्फ नव्हता, शालीच्या कोपऱ्याचा फोटो होता आणि १८५५ च्या पानाची प्रिंट. त्याच बाई, तोच बिस्किटांचा डबा. म्हटलं किलफिनन. त्यांनी चष्मा लावला, प्रिंट जवळ धरली, मग दुमडलेल्या कोपऱ्यांची एक वही पिशवीतून काढली आणि म्हणाल्या, बरं, किलफिननमध्ये कुठे, चर्चच्या वरच्या अंगाला की खालच्या?

ते अजून शोधतेय.